बिलाचे तास: खान्देशातल्या इंटिरिअर डिझायनरने वेळेची वही कशी ठेवावी

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात घराच्या इंटिरिअरची फी तासावर क्वचितच ठरते. चौरस फुटावर ठरते, कामाच्या एकूण खर्चाच्या टक्क्यावर ठरते, नाहीतर ‘सगळं मिळून किती घ्याल ते सांगा’ या एका वाक्यावर ठरते. मग तास लिहायचे कशाला, असं वाटतं आणि वही सुरूच होत नाही. खरं तर ठोक फीच्या कामातच तास लिहिण्याची गरज जास्त असते. तासावर काम घेतलं तर जादा वेळेचे पैसे येतात. ठोक कामात तोच जादा वेळ डिझायनरच्या पदरचा जातो, आणि वही नसेल तर किती गेला, कुठे गेला, कुणामुळे गेला, काहीच सांगता येत नाही. पुढच्या कामाची फी पुन्हा अंदाजानेच सांगावी लागते.

ही पद्धत एकट्याने किंवा एक-दोन ज्युनिअर घेऊन काम करणाऱ्या डिझायनरसाठी आहे. ग्राहकाला तासांचं बिल द्या अगर देऊ नका, वही सारखीच ठेवायची.

आधी तासाची किंमत काढा

बाजारात दुसरा काय घेतो यावरून दर ठरवू नका. आपल्या खर्चावरून काढा. उदाहरणासाठी महिन्याचे आकडे असे धरू: ऑफिसचं भाडं ९,०००, लाइट-नेट-फोन ३,५००, ड्रॉइंग करणाऱ्या ज्युनिअरचा पगार १६,०००, सॉफ्टवेअर ४,५००, पेट्रोल आणि गाडी ६,०००, सीए, प्रिंट, सॅम्पल मिळून ३,०००. बेरीज ४२,०००. स्वतःचा पगार ६०,००० धरला तर महिन्याला १,०२,००० आणि वर्षाला १२,२४,००० रुपये यायलाच हवेत.

आता तास. ३६५ दिवसांतून ५२ रविवार गेले की ३१३ उरतात. दिवाळी, आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई, आजारपण यांचे ३३ दिवस काढा, राहिले २८०. रोजचे ८ तास धरले तर २,२४० तास. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण हे सगळे तास बिलात येत नाहीत. नव्या ग्राहकाची पहिली भेट, कोटेशन, सॅम्पल लावून ठेवणं, वसुलीचे फोन, सीएकडची चक्कर, हे कुठल्याच कामाच्या नावावर पडत नाही. एकट्या डिझायनरने बिलाचे तास ५५ टक्क्यांच्या वर धरू नयेत. म्हणजे १,२३२ तास. १२,२४,००० भागिले १,२३२ केलं की ९९४ रुपये येतात. हा फक्त खर्च भागवणारा दर झाला. अडकलेली येणी आणि कामाविना गेलेले आठवडे यांसाठी त्यावर १५ टक्के धरले की साधारण १,१५० होतात.

ज्युनिअरचे तास वेगळे लावणार असाल तर त्याचा पगार वरच्या बेरजेतून काढून टाका, नाहीतर तोच पगार दोनदा वसूल होतो आणि कोटेशन विनाकारण फुगतं. पगार काढला की वर्षाचे १०,३२,००० उरतात, आपला दर १५ टक्के धरून साधारण ९६५ वर येतो, आणि ज्युनिअरचा वेगळा दर लावता येतो. पुढची सगळी उदाहरणं पहिल्या पद्धतीची आहेत: ज्युनिअर खर्चात धरलेला, तास फक्त मुख्य डिझायनरचे, दर १,१५०.

आकडे तुमचे घाला. पद्धत बदलू नका, आणि दर एप्रिलमध्ये हा हिशेब नव्याने करा.

सात रकाने

कागदाची वही असो की गुगल शीट, रकाने सातच: तारीख, कामाचा क्रमांक, सुरुवात, शेवट, कामाचा प्रकार, वर्ग आणि एक ओळ तपशील. ‘एकूण तास’ हा रकाना हाताने भरायचा नाही, तो शेवटी काढायचा. सुरुवात आणि शेवट लिहिले की तास खोटे ठरवता येत नाहीत. नुसतं ‘३ तास’ लिहिलं तर महिन्याभराने आपलाच आपल्यावर विश्वास बसत नाही.

कामाचा क्रमांक गावावरून द्या: भुसावळ, शिरपूर, चोपडा यांचे भुसा-०४, शिर-०२, चोप-०१. ग्राहकाच्या आडनावावरून देऊ नका. पाटील, महाजन आणि चौधरी या तीन आडनावांतच अर्धी यादी संपते.

कामाचे प्रकार आठ पुरतात: मापे, लेआऊट, थ्रीडी (खोली कशी दिसेल त्याचं संगणकावरचं चित्र), वर्किंग ड्रॉइंग (मिस्तरीसाठी मापांसह ड्रॉइंग), बाजार, साइट, फोन-मीटिंग, प्रवास. पंधरा-वीस प्रकार केले तर आठवडाभरात वही बंद पडते, कारण प्रत्येक नोंदीला ‘हे कशात टाकू’ असा विचार करावा लागतो.

वर्ग मात्र नीट समजून घ्या. ते तीनच आहेत: ‘करार’, ‘जादा’ आणि ‘चूक’. करारात ठरलेलं काम पहिल्यात. ग्राहकाने मंजूर केलेलं बदलायला सांगितलं किंवा यादीत नसलेलं काम वाढवलं तर दुसऱ्यात. आपल्या ऑफिसच्या चुकीने पुन्हा करावं लागलं तर तिसऱ्यात. तिसऱ्या वर्गाचे पैसे मागायचे नाहीत, पण तो लिहायचा मात्र टाळू नका. कपाटाच्या तयार पल्ल्याची (दाराची) जाडी नुसत्या प्लायचीच १८ मिलिमीटर धरली, दोन्ही बाजूंच्या एक-एक मिलिमीटर सनमायकाने ती २० झाली आणि सरकते पल्ले ट्रॅकमध्ये घासू लागले, तर मिस्तरीबरोबर साइटवर गेलेले दोन तास ‘चूक’ मध्ये जातात. वर्षाअखेरीस हा वर्ग एकत्र वाचला की ऑफिसमध्ये कुठली तपासणी लावायला हवी ते समोर येतं.

तपशिलाची ओळ हा वहीचा कणा आहे. दोन नोंदी शेजारी ठेवून बघा:

१२ जून / भुसा-०४ / ११.१५ ते १२.४५ / लेआऊट / जादा / हॉल बदल.

१२ जून / भुसा-०४ / ११.१५ ते १२.४५ / लेआऊट / जादा / २८ मे रोजी मंजूर लेआऊटमध्ये बदल: देवघर ईशान्येला, त्यामुळे टीव्ही युनिट पश्चिमेच्या भिंतीवर, दोन स्विचबोर्ड हलले. आजींच्या सांगण्यावरून, काकूंचा फोन १०.५०.

पहिली नोंद तीन महिन्यांनी कुणालाच काही सांगत नाही. दुसरी नोंद ग्राहकापुढे जशीच्या तशी ठेवता येते. त्यात काय बदललं, कधीच्या मंजुरीतून बदललं, त्याने आणखी काय हललं आणि कुणी सांगितलं, या चार गोष्टी आहेत. एवढं लिहायला अर्धा मिनिट लागतो. सवय होईपर्यंत या चार गोष्टींची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा.

दीड तास म्हणजे १.३० नव्हे

ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठी वेगळा परिच्छेद हवा. आपण बोलताना आणि लिहिताना एक तास तीस मिनिटांना १.३० म्हणतो. शीटला तो दशांश वाटतो. दीड-दीड तासाच्या तीन नोंदी १.३० अशा लिहिल्या की बेरीज ३.९० येते, खरे तास साडेचार. तीनच नोंदींत ०.६ तास, म्हणजे ३६ मिनिटं गेली. पाव तास ०.२५, अर्धा ०.५०, पाऊण ०.७५ हे पक्कं करा.

शीटमध्ये सुरुवात आणि शेवट वेळेच्या फॉरमॅटमध्ये भरा, मधे टिंब नव्हे तर विसर्गासारखी दोन टिंबं द्या, आणि २४ तासांचं घड्याळ वापरा. शेवटातून सुरुवात वजा करून आलेलं उत्तर २४ ने गुणायचं, कारण शीट वेळ ही दिवसाच्या अपूर्णांकात साठवते: सकाळचे सहा म्हणजे तिच्या लेखी ०.२५. २४ ने गुणायचं विसरलं तर दीड तासाऐवजी ०.०६२५ असा आकडा दिसतो. गुणूनही भलतंच काही दिसलं तर त्या रकान्याचा फॉरमॅट ‘वेळ’ वरून ‘संख्या’ करा. रात्री साडेअकरा ते साडेबारा असं काम झालं तर उत्तर उणे येतं. तेव्हा बारा वाजता नोंद तोडून दोन ओळी करा: पहिलीचा शेवट २४:००, दुसरीची सुरुवात ०:००. कामानुसार आणि वर्गानुसार बेरजेसाठी ‘सम-इफ्स’ (SUMIFS) सूत्र पुरेसं आहे.

टॉगल किंवा क्लॉकिफाय ही ॲप बटण दाबून वेळ मोजतात आणि एकट्या माणसाला दोन्हींची फुकटची आवृत्ती पुरते. ऑफिसात बसून ड्रॉइंग करताना ती उत्तम. साइटवर मात्र बटण बंद करायचं राहून जातं आणि रात्री फोन हातात घेतल्यावर ‘साइट: ७ तास ४० मिनिटं’ दिसतं. साइटसाठी खिशातली छोटी वहीच बरी. सिमेंट-फेव्हिकॉलने भरलेल्या हातालाही पेन धरता येतो.

फोन आणि व्हॉट्सॲप

इंटिरिअरच्या कामात वेळ सर्वांत जास्त गळतो तो इथे. ‘दोन मिनिटं होती, विचारू का?’ म्हणून आलेला फोन बारा मिनिटं चालतो, आणि तुटलेलं ड्रॉइंग पुन्हा हाताशी यायला आणखी दहा लागतात.

नोंदीचं सर्वांत लहान माप पाव तासाचं ठेवा. वकील मंडळींत सहा मिनिटांचं माप चालतं, पण आपल्या कामाला ते फार बारीक आहे. मात्र पाव तासाचा नियम प्रत्येक फोनला लावू नका. एका दिवसात एका ग्राहकाचे चार-चार मिनिटांचे सात फोन आले तर प्रत्यक्षात २८ मिनिटं झाली. प्रत्येक फोन पाव तास धरला तर १०५ मिनिटं होतात आणि ते सरळसरळ अन्यायाचं आहे. दिवसभराचे फोन आणि मेसेज ग्राहकानुसार एकत्र करा आणि ती बेरीज जवळच्या पाव तासाला आणा: २८ मिनिटं म्हणजे अर्धा तास. सात मिनिटांपर्यंतची बेरीज सोडून द्या, आठपासून पाव तास धरा. हाच नियम सगळ्यांना, नात्यातल्या ग्राहकालाही.

रोज संध्याकाळी ऑफिस बंद करण्याआधी दहा मिनिटं काढा. फोनमधली कॉल यादी उघडा, तिथे प्रत्येक फोनची वेळ आणि लांबी असते. मग व्हॉट्सॲप. मग गॅलरी: साइटवर काढलेल्या पहिल्या आणि शेवटच्या फोटोची वेळ म्हणजे तुम्ही तिथे किती होतात त्याचा पुरावा. साइटवर पोचल्या पोचल्या दाराचा आणि निघताना पुन्हा दाराचा फोटो काढायची सवय लावली की वही विसरली तरी वेळ हरवत नाही. कॅटलॉग घेऊन ग्राहकाबरोबर व्हिडिओ कॉलवर घालवलेला वेळही इथेच सापडतो.

हे काम त्याच दिवशी करायचं. शनिवारी बसून आठवड्याचं लिहायला गेलं की मोठी कामं आठवतात, तुकडे विसरतात, आणि गळती तुकड्यांतच असते.

प्रवास

खान्देशात साइट पसरलेल्या असतात. जळगावहून भुसावळ २५ किलोमीटरच्या आसपास, धुळे सुमारे ९०. शहरातल्या डिझायनरने प्रवास फीमध्ये मुरवला तरी चालतं, इथे तो मुरत नाही. दोन पद्धती आहेत: प्रवासाचे तास निम्म्या दराने लावणं, किंवा गावानुसार दर भेटीची ठरीव रक्कम. घरमालकाला दुसरी पद्धत पटकन समजते, कारण ‘दहा भेटी फीमध्ये, अकराव्यापासून इतके’ हे कोणालाही मोजता येतं. पण ती रक्कम ठरवायलासुद्धा आधी चार-सहा भेटींचे तास वहीत असावे लागतात.

एका फेरीत दोन साइट केल्या तर प्रवास वाटून घ्या. समजा सकाळी ८ ला जळगावहून निघालात, धुळ्यात अडीच तास काम, येताना पारोळ्याच्या साइटवर दीड तास, अर्धा तास जेवण, साडेपाचला परत. एकूण साडेनऊ तास, त्यातला प्रवास पाच. अडीच-अडीच असं अर्धं-अर्धं केलं तर पारोळ्यावर अन्याय होतो. नुसत्या धुळ्याला जाऊन-येऊन साडेचार तास लागले असते आणि नुसत्या पारोळ्याला अडीच. त्या प्रमाणात पाच तास वाटा: धुळ्याला सव्वातीन, पारोळ्याला पावणेदोन. जेवणाचा अर्धा तास कुणाच्याच नावावर नाही.

भुसावळ-जळगाव रेल्वेत किंवा गाडीत दुसरा कोणी चालवत असताना तुम्ही तिसऱ्याच ग्राहकाचं काम केलंत, तर तो वेळ त्या तिसऱ्याचा. साइटवाल्याला तेवढा प्रवास लावायचा नाही. एक तास एकाच माणसाचा.

साइटवर खोळंबलेला वेळही वेगळा लिहा. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ च्या वर जातो, मजूर सकाळी लवकर लागतात आणि दुपारी काम थांबतं. अकराला पोचणारा डिझायनर चारपर्यंत कुणाची तरी वाट बघत बसतो. लाइट गेली, कटर बंद, इलेक्ट्रिशियन आलाच नाही, असं असेल तर तपशिलात ‘खोळंबा’ हा शब्द आणि कारण लिहा. ठेकेदार ग्राहकाने नेमलेला असेल तर हा वेळ साइटच्या तासांत धरायचा. तुम्ही नेमलेला असेल तर नाही.

बाजार

सनमायका, टाइल्स, लाइट फिटिंग निवडायला ग्राहकाला घेऊन जाणं हे दोन तासांचं काम पाहता पाहता अख्ख्या दिवसाचं होतं. करारातच लिहा: बाजारात तीन फेऱ्या, प्रत्येकी तीन तासांपर्यंत. जाण्याआधी ज्युनिअरकडून प्रत्येक वस्तूचे तीन-तीन नमुने बाजूला काढून ठेवून घेतले की तास निम्म्याने वाचतात, हे वहीच दाखवून देते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाजाराच्या तासांचे पैसे ग्राहकाकडून घेत असाल तर त्याच खरेदीवर दुकानदाराकडून कमिशन घेऊ नका. घेतच असाल तर ते ग्राहकाला आधी सांगा आणि बाजाराचे तास बिलातून वगळा. लहान गावांत ही गोष्ट लपत नाही, आणि एकदा कळली की वहीतल्या खऱ्या तासांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

‘जादा’ कसा ठरवायचा आणि कसा कळवायचा

जादा ठरवायला आधी ‘ठरलेलं’ कागदावर असावं लागतं. करारात या गोष्टी आकड्यांत हव्यात: लेआऊटचे दोन पर्याय आणि दोन सुधारणा, थ्रीडी किती खोल्यांचे, प्रत्येकी किती सुधारणा, साइटभेटी किती, बाजारफेऱ्या किती, त्यापुढचा तासाचा दर, आणि मंजुरी देणारा माणूस कोण. शेवटची गोष्ट आपल्याकडे फार मोलाची आहे. एकत्र घरात निर्णय एकाचा नसतो. नाना लेआऊटवर सही करतात, वहिनींना ओटा दुसऱ्या भिंतीला हवा असतो, आणि आखाजीला सुरतहून आलेले दाजी सगळं बघून म्हणतात, ‘वॉर्डरोब इथे नको होतं.’ प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घ्या, सूचनांचा मान राखा, पण ड्रॉइंग बदलायचं ते करारात नाव असलेल्या माणसाने लेखी सांगितल्यावरच.

लेखी म्हणजे वकिली कागद नव्हे. व्हॉट्सॲपचा मेसेज पुरतो. फोनवर ‘हो, करून टाका’ आलं की कामाला हात लावण्याआधी असा मेसेज पाठवा:

‘नाना, नमस्कार. आज फोनवर बोलल्याप्रमाणे देवघर ईशान्येला घेतो. त्यामुळे टीव्ही युनिट आणि दोन स्विचबोर्डही हलतील. २८ मे ला आपण लेआऊट मंजूर केला होता, म्हणून हा जादा बदल धरतो. अंदाजे ६ तास, रुपये ६,९००. आपण ‘ठीक आहे’ कळवलं की उद्या सकाळी सुरू करतो आणि शुक्रवारपर्यंत नवीन ड्रॉइंग देतो.’

यात भाषा आदराची आहे, पण बदल, कारण, तास, रक्कम आणि तारीख असे पाचही मुद्दे आहेत. रक्कम आधी सांगितली की निम्मे बदल आपोआप थांबतात, आणि जे होतात त्यांचे पैसे देताना कुणी कुरकुरत नाही. काम झाल्यावर सांगितलेले सहा तास मात्र ग्राहकाला नेहमी जास्तच वाटतात. अंदाज सहाचा होता आणि साडेसात लागले तर सहाच लावा. सव्वापाच लागले तर सव्वापाच लावा.

मुहूर्ताच्या कामांकडे जास्त लक्ष ठेवा. श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी, दिवाळीच्या आधी किंवा घरातल्या लग्नाच्या आधी घर लावून द्यायचं असतं, तेव्हा शेवटच्या तीन आठवड्यांत साइटचे तास दुप्पट होतात आणि घाईत नोंदी थांबतात. बाहेरून आलेले सुतार होळीला गावी गेले आणि लांबले, तर मार्चमधलं काम एप्रिलवर जातं आणि तेवढ्याच ड्रॉइंगसाठी तीन भेटी जास्त होतात. अशा मुदतीच्या कामाला साइटच्या तासांचं बजेट सुरुवातीलाच दीडपट धरा.

बजेट, ७५ टक्क्यांची रेघ आणि ग्राहकाचा तक्ता

दोन बेडरूमच्या घराचं उदाहरण घेऊ. बजेट ९० तासांचं: मापे आणि भेटी ८, लेआऊट १४, थ्रीडी आणि मटेरियल २४, वर्किंग ड्रॉइंग २२, बाजार १०, साइट १२. १,१५० ने १,०३,५०० होतात, ठोक फी १,०५,००० सांगितली. काम संपल्यावर वहीतले तास, त्याच क्रमाने: ९, २२, ४१, २४, १३, २३. एकूण १३२. फीला १३२ ने भागलं तर तासाला ७९५ रुपये पडले, म्हणजे खर्च भागवणाऱ्या ९९४ च्याही खाली. काम पूर्ण झालं, फी सगळी मिळाली, तरी तोट्यात गेलं.

जादा गेलेल्या ४२ तासांपैकी १७ एकट्या थ्रीडीत आणि ११ साइटवर आहेत. हे काम संपल्यावर कळून उपयोग नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या बजेटला ७५ टक्क्यांवर रेघ मारा. थ्रीडीचे १८ तास भरले की थांबून बघा: किती खोल्या मंजूर झाल्या? उरलेल्या सहा तासांत बाकीच्या होतील का? नसतील तर ग्राहकाशी बोलायची वेळ तीच. २४ तास उलटून गेल्यावर केलेलं बोलणं तक्रारीसारखं ऐकू येतं. १८ व्या तासाला केलेलं बोलणं नियोजनाचं असतं.

ग्राहकाला तक्ता टप्पा संपला की द्या, किंवा महिन्याच्या पाच तारखेला. त्यात प्रत्येक फोन टाकू नका. तारखेनुसार एकेक ओळ, प्रकार, तास आणि वर्ग एवढं पुरे. ‘चूक’ वर्गातले तासही दाखवा आणि त्यांच्यापुढे शून्य रुपये लिहा. एखाद्या जादा कामाचे पैसे संबंधाखातर सोडणार असाल तर तास कमी करून लिहू नका. पूर्ण तास लिहा आणि खाली ‘सवलत ३ तास’ अशी ओळ टाका. लपवलेली सवलत ग्राहकाला दिसत नाही आणि वहीलाही खोटं पाडते. पाठवलेल्या तक्त्यातला आकडा नंतर बदलू नका. दुरुस्ती करायची तर नव्या ओळीत, तारखेसह.

बिल

तासांची फी आणि हातून झालेला खर्च वेगळा दाखवा: प्रिंट, नमुने, टोल, पार्किंग. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते. इंटिरिअर डिझाइनचा सेवा कोड ९९८३९१, दर १८ टक्के. नोंदणी असेल तर आगाऊ रकमेवरही जीएसटी ती मिळाल्याच्या वेळी लागू होतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही आणि कर पदरचा भरावा लागतो. म्हणून आगाऊ मागतानाच ‘अधिक जीएसटी’ लिहा.

घरमालक स्वतःच्या घराच्या कामावर सहसा टीडीएस (फी देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापत नाही. डाळमिल, शोरूम, हॉस्पिटल किंवा एमआयडीसीतली कंपनी ग्राहक असेल तर व्यावसायिक फी म्हणून १० टक्के कापला जाऊ शकतो. हा टीडीएस ज्या रकमेच्या वर लागतो ती वर्षाच्या ३०,००० रुपयांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली आहे. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस त्याशिवायच्या रकमेवर कापायचा असतो, म्हणून दोन्ही आकडे एकत्र करून लिहू नका. कापलेली रक्कम आपल्या पॅनवर दिसते का, हे दर तिमाहीनंतर आयकर पोर्टलवर बघा. अशा ग्राहकांसाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून तिचा क्रमांक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात.

किल्ल्या दिल्यानंतर

घर ताब्यात दिलं तरी तास थांबत नाहीत. खान्देशातल्या कोरड्या उन्हाळ्यात आटलेलं लाकूड जुलैच्या दमट हवेत फुगतं, दारं चौकटीला घासतात, बिजागरी पुन्हा आवळावी लागते, एखाद्या कडेची पट्टी सुटते. ही भेट होणारच असते, म्हणून ती फीमध्येच धरा: ताब्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात एक भेट, दोन तास. करारात तशी ओळ असू द्या आणि वहीत त्या कामाचा क्रमांक ऑगस्टअखेरपर्यंत उघडा ठेवा. ती भेट झाली की टप्प्यांनुसार बजेट आणि प्रत्यक्ष तास एका पानावर लिहा, फीला एकूण तासांनी भागून आलेला दर खाली टाका, आणि ते पान कोटेशनच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावा. तेवढ्याच मापाचं पुढचं घर आलं की थ्रीडीपुढे २४ लिहायचे की ३५, ते त्या पानावरून ठरवा.